काचेखालचं कुंकू

ती हसत नव्हती.

गॅसच्या टाकीची तारीख लिहून ठेवायला मी पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेले, जुलैचं पान मागं टाकलं, आणि ऑगस्टच्या आकड्यांवर ती उभी होती. उभी कसली, पळता पळता थांबलेली. तसेच वर फेकलेले दोन्ही हात, कमरेत तसाच पीळ, बोटांच्या टोकांतून फुटलेली तीच लांबट पानं, आणि मागून तिच्या कुशीला जेमतेम टेकलेला तोच पुरुषाचा हात. कित्येक वर्षांनी मी तिला पाहत होते. ओळख पटायला क्षणही लागला नाही. चेहरा मात्र ओळखीचा नव्हता. तोंड उघडं होतं, खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. धावताना दम संपत आला की माणूस शेवटची हाक मारतं, तसं. मी चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली, "आई, लिहिली का तारीख?" मी "हो" म्हटलं. लिहिली नव्हती.

कॅलेंडर मुलाला ऑफिसात कुठल्याशा कागद कंपनीनं दिलेलं. सात महिने ते नागपूरच्या या फ्लॅटच्या भिंतीवर होतं आणि सात महिने मी त्याच्यावर दूधवाल्याचे खाडे मांडत आले होते. चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत चार ओळी होत्या. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, इंग्रजी मला सावकाश वाचता येतं. चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कोणा कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. त्यांच्या पुराणातली गोष्ट. लहानग्या प्रेमदेवानं रागाच्या भरात दोन बाण मारले, सूर्यदेवाला ओढीचा आणि त्या मुलीला नकोसेपणाचा. देव मागं लागला, मुलगी पळत सुटली. पाय थकले तेव्हा तिनं बापाला हाक मारली. बाप म्हणजे नदी. त्यानं तिचं झाड केलं. हे मी आधी उभ्यानं वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. त्या चार ओळींतली प्रत्येक गोष्ट आमच्या घरी होती आणि प्रत्येकीचा अर्थ आम्ही उलटा लावला होता. त्या अर्थावर माझ्या बहिणीला गाडीत बसवून पाठवलं होतं, आणि शेवटचा शब्द माझा होता.

रिसोडच्या अलीकडं, ओढ्याला लागून आमचा मळा. वांगी, मेथी, मुळे, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात, आणि इथं नागपुरातही भाजीवाल्याच्या तोंडून तो शब्द निघाला की माझा हात अजून जुडी नाकाशी नेतो. पण तो वास इथल्या जुडीला नाही. तो पहाटेच्या ओल्या वाफ्याचा होता, मोटेचं पाणी पाटात पडतानाच्या थंडाव्याचा होता, माझी बहीण अंजना हिच्या हातांचा होता. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती जुड्या बांधायची तेव्हा तिच्या मुठीत काडी न काडी सारखी यायची. मी बांधलेली जुडी बाजारात पोचेपर्यंत सुटायची, आणि आई म्हणायची, "द्रुपे, तुह्या हाताले गाठ नाई, तुले शाळेतच घातलेलं बरं."

आमचा बा, पुंजाजी, तरुणपणी वाशीमला कापसाच्या एका जिनातल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. स्वातंत्र्याच्या साली साहेब गेला आणि खानसाम्यानं नोकरांना सांगितलं, ज्याला जे उचलायचं ते उचला. कोणी खुर्ची नेली, कोणी घड्याळ. बानं हे चित्र आणलं. का, तर चित्रातल्या बाईच्या बोटांना पानं फुटली होती. ज्याच्या हाताला पालवी फुटते तो माळ्याचाच देव, असा त्याचा सरळ हिशेब. गाडीच्या हिंदकळ्यांनी काच तडकली, तडा बरोबर बाईच्या गालावरून गेला. आईनं चित्र पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. "आवो, हे काय आनलं? इच्या आंगावर धड धडुतं बी नाई!" बा म्हणाला, "परदेशी देव हाये. तिकडे असंच राह्यते." आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी कापून खळीनं काचेवर चिकटवली, बाईची लाज झाकली, आणि मग निवांतपणे तिला भिंतीतल्या देवळीत खंडोबाच्या शेजारी बसवलं. तिचं नाव पडलं झाडबाई. दर शुक्रवारी आई काचेवर कपाळाच्या जागी ओलं कुंकू लावायची. ते तड्यातून आत झिरपायचं. दोन-तीन वर्षांत त्याचा एक बारीक लाल ओघळ कागदावर उतरला आणि ओठाच्या कोपऱ्याशी येऊन वर वळून थांबला. आईनं सगळ्या आळीला बोलावून दाखवलं, "पाहा, बाई हासली."

मी त्या चित्रापुढं किती दुपारी घालवल्या! काचेला नाक लावून उभी राहायचे. लांबून पाहिलं की मांडी, पोटरी, गळ्याचा खळगा, सगळं भरलेलं, जिवंत. जवळ गेलं की बाई नाहीशी व्हायची आणि नुसत्या रेघा उरायच्या, शेजारी शेजारी चाललेल्या, कुठं फुगलेल्या, कुठं केसासारख्या बारीक, आमच्या मळ्याच्या उतारावरच्या सऱ्यांसारख्या वळत जाणाऱ्या. कोणीतरी हे अंग नांगरलंय असं मला वाटायचं. एकच गोष्ट मला कळत नव्हती. अंग एकीकडं जात होतं आणि मान दुसरीकडं वळली होती. पाय पळत होते, कंबर थांबली होती. कारागिराला तिला सुंदरही ठेवायचं होतं आणि घाबरलेलीही, हे आज मी म्हणू शकते. तेव्हा प्रत्येकाला त्यात आपल्याला हवं ते दिसायचं. सरपणाच्या मोळ्या घेऊन तांड्यावरची धनीबाई यायची. ती पाणी प्यायला टेकली की म्हणायची, "नाचून राह्यली वं ही. पाय पाह्य तिचा, ठेका धरला."

आई म्हणायची, "देवाले नाचवतं काय वं धने?"

"मंग काय? तुमचे देव नुस्ते बसूनच राह्यते?" आणि स्वतःच दोन पावलं टाकून दाखवायची, कंबरेवरचे आरसे चमकवत. आई हसून हसून खाली बसायची.

बाचा अर्थ मात्र पक्का होता आणि पाहुण्या-रावळ्यांना तो घडीघडी सांगायचा. हा मागचा गडी म्हणजे तिचा नवरा. रुसून माहेरी आली, तिले घ्यायला आला. वरती आभाळात हे नागडं लेकरू हाये, धनुकली घेऊन, थे पुढं तिच्या पोटी येनार. अन हा खाली घागर कलंडून बसला म्हातारा, दाढीवाला, हा तिचा बाप. माळी हाये. झाडाले पानी देऊन राह्यला. एवढं बोलून बा स्वतःच्या दाढीवरून हात फिरवायचा. म्हाताऱ्याचं तोंड घागरीकडं होतं, मुलीकडं नव्हतं, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

आमच्या घरात एक रीत होती. मोठ्यांना एखादी गोष्ट ठरवता येईना झाली की 'पोरीले पुसायचं'. घरातल्या बिनलग्नाच्या पोरीला न्हाऊ घालून, ओल्या केसांनी देवळीपुढं उभं करायचं आणि विचारायचं, देवाचं तोंड कसं दिसतं, हसतं का रडतं. ती पहिल्यांदा जे म्हणेल ते खरं. विहीर कुठं खणायची हे ताईला विचारलं होतं, ती नऊ वर्षांची असताना. अठरा हातांवर पाणी लागलं. पांढरा बैल घ्यावा की नाही हेही तिनंच सांगितलं. तिचा शब्द कधी खोटा गेला नाही, असं बा बाजारात सांगायचा. मग तिचं लग्न झालं आणि ती त्या कामातून सुटली. लग्न झालेलीला पुसत नाहीत. तिच्या लग्नाच्या वेळी मात्र कोणाला पुसायची गरज कुणालाच वाटली नाही, केनवडचं स्थळ चांगलं होतं, ओलिताचं शेत होतं.

सत्तावन्न साली नागपंचमीला ताई माहेरी आली आणि परत गेलीच नाही. आई वाफ्यात तिच्या समोर बसायची आणि एकेक करून विचारायची.

"मारते काय थो तुले?"

"नाई."

"सासू उपाशी ठेवते?"

"नाई."

"दारू पेते?"

"नाई वं माय."

"मंग काहून जात नाई?"

"नाई जात." आणि पुढची जुडी उचलायची.

आईला माहीत असलेली कारणं तिथं संपत. त्यांच्या पलीकडं काही असू शकतं, त्याला घरात शब्दच नव्हता. मला फक्त दिसायचं. ताई आता पाठ भिंतीला लावून झोपायची. एकदा मागून जाऊन मी तिची वेणी धरली, नेहमीसारखी, गमतीनं. ती अशी दचकली की मेथीची सगळी पाटी पाटात सांडली, आणि मग बराच वेळ ती पाण्यातून एकेक काडी वेचत राहिली, माझ्याकडं न पाहता. पण ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड महिने होते, हेही मला लिहिलं पाहिजे. शाळेतून आल्यावर मी थेट मळ्यात जायचे. ती मला कोवळा मुळा उपटून, पाटात खळाळून द्यायची. ओढ्याच्या कुंपणाला कन्हेर होती, तांबडी आणि पांढरी. तिथं बसून आम्ही ऊन उतरायची वाट पाहायचो. एक दिवस ती म्हणाली, "झाडबाईची पानं कन्हेरीची हायेत."

"बा त जांभळाची म्हनते."

"बाले काय समजते?" तिनं एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. "कन्हेरीले ढोर तोंड लावत नाई. कितीबी भुकेलं असू दे."

मी म्हटलं, "मंग बरं हाये, कुंपनाले कामी पडते." ती माझ्याकडं पाहून हसली. आख्ख्या घरात त्या चित्राचा खरा अर्थ तिला एकटीला लागला होता, तिनं तो मला सांगितला होता, आणि मी तिच्याशी कुंपणाच्या गोष्टी बोलत होते.

मग ताईचे यजमान, चंपतदाजी, तिला न्यायला आले. वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. माझ्यासाठी रेवड्या आणल्या होत्या. दोन दिवस ओसरीवरच्या बाजेवर बसून राहिले, मोठाले हात गुडघ्यांवर टाकून, कोणी बोललं तर बोलायचे. शेजारचा रामधन जाता-येता टोमणा मारायचा, "जवाईबुवा, बाज मोडते आता. घेऊन जा नाईतर इथंच नांगर धरा." लोक हसायचे. दाजी मान खाली घालून हसायचे. ताई त्यांच्या समोरून जाताना भिंतीला घासून जायची. बा दोन्ही दिवस मळ्यात पाण्याची दारं धरत होता, ज्या वाफ्यांना पाणी झालं होतं त्यांनाही पुन्हा देत होता. तिच्याकडं पाहिलं असतं तर त्याला काहीतरी ठरवावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो खोरं टाकून आला आणि आईला म्हणाला, "पोरीले पुसू."

मला न्हाऊ घातलं. केसांतून पाणी पाठीवर ठिबकत होतं. आईचा हात माझ्या खांद्यावर होता. बा शेजारी, दाजी ओसरीवरून आत डोकावत, रामधन अंगणात, ताई परसदारच्या चौकटीत, हाताला चिखल. आमच्या त्या घरात माझं कोणी कधी ऐकत नसे. मी धाकटी, गाठ न येणारी. त्या सकाळी सगळे श्वास धरून माझ्या तोंडाकडं पाहत होते. बा म्हणाला, "पाह्य माय, बाई हासते का रडते?"

कौलातल्या काचेतून उन्हाची तिरीप नेमकी देवळीत पडली होती. आणि मला दोन तोंडं दिसली. एक लाल, ओघळाचं, कोपऱ्यात वर वळलेलं. त्याच्या खाली काळ्या रेघांचं दुसरं, उघडं, खाली ओढलेलं. इतक्या दुपारी नाक लावून पाहिलं होतं, तरी दोन्ही अशी वेगवेगळी कधी दिसली नव्हती. कुंकू कुठं संपतं आणि बाई कुठं सुरू होते हे मला स्वच्छ कळलं. अकरा वर्षांच्या पोरीला कळतं. मला हेही कळलं की खालचं तोंड सांगितलं तर पुढं पुष्कळ विचारतील, आणि वरचं सांगितलं तर सगळ्यांचा श्वास सुटेल.

"हासते," मी म्हटलं.

आईनं मला जवळ ओढलं. बानं देवळीपुढं डोकं टेकलं, जरा जास्तच वेळ. ताईनं परसात जाऊन हात धुतले, घासून घासून, नखांतला चिखल काडीनं काढला, आणि दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं. तिच्या गाठीला कधी काही व्हायचं नाही. दुपारच्या आत गाडी निघाली. मी शाळेत गेले. त्या दिवशी भूगोलाच्या तासाला गुरुजींनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आलं.

त्यानंतरचं माझं सगळं नीट झालं. वाशीमला शिकले, मास्तरीण झाले, नागपूरला आले. बा गेला, आई गेली, मळा भावकीत वाटला गेला, चित्राला वाळवी लागली आणि चौकट तेवढी कोणीतरी आरशाला वापरली. ताईला दोन मुलगे, एक मुलगी. लग्नाकार्यात भेटायची, पाऊस किती झाला, वांग्याला कीड कशी पडली, एवढं सांगायची. "कशी आहेस?" म्हटलं की "बरं हाये." मी त्या 'बरं हाये'वर साठ वर्षं काढली. नांदली ना, लेकरं झाली ना, म्हणजे बाई हसतच होती, असं मी मनाला सांगत आले. आणि रिसोडचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या नाकात येणारा तो ओल्या वाफ्याचा वास, तो कोवळा मुळा, कन्हेरीची सावली, हे सगळं मी त्या एका खोट्या शब्दाच्या बदल्यात भाड्यानं घेतल्यासारखं वापरत आले.

दुसऱ्या दिवशी मी ऑगस्टचं पान फाडून त्याची घडी केली. सूनबाई म्हणाली, "आई, अहो, महिना अजून सुरूपण झाला नाही!" मी वाशीमची बस धरली, तिथून रिसोड, तिथून जीपनं केनवड. दोन्ही बाजूंना सोयाबीन, आमच्या वेळी हे पीक नव्हतं. ताई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. दाजी जाऊन आठ वर्षं झालेली. मला पाहून सूप थांबलं.

"काय वं द्रुपे, न सांगता? कोनी मेलं काय?"

"कोणी नाही मेलं."

"मंग बस. केवढी वाळली तू. सून खाऊ घालत नाई काय?"

मी पान उलगडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ, मग उन्हाकडं. "आपली झाडबाई," ती म्हणाली. बोट पानांवरून, हातांवरून खाली आलं आणि तोंडाशी थांबलं. "कुंकू नाई इले."

मी तिला खालच्या ओळींतली गोष्ट सांगितली. बाण, पळणं, हाक. तिनं ऐकलं. विचारलं एवढंच, "बापानं लगेच झाड केलं?"

"तिनं हाक मारली तसं."

ती घागरीवाल्या म्हाताऱ्याकडं पाहत राहिली. मग मी बोलले. काय बोलले ते मला जसंच्या तसं आठवत नाही, फक्त माझी भाषा बदलत गेली हे आठवतं, शहरातली सगळी वाक्यं एकेक करून गळून पडली. "ताई, मले दोन तोंडं दिसली व्हती. मले ठावं व्हतं थे कुंकू हाये म्हून. तरी मी हासते म्हनलं."

"मलेबी ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"लग्नाच्या आंधी दर शुक्रवारी काच मीच पुसू ना. आतला डाग निघे नाई."

"मंग बोलली काहून नाई तू? त्या दिवशी चौकटीत उभी व्हती!"

"मले कोनं इचारलं?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. राग नव्हता तिच्यात, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "आई पुसे मारते का, पेते का. तुले पुसलं बाई हासते का. तुले जायचं हाये का अंजने, असं एकानंबी नाई पुसलं. आजपावतर."

तिनं सूप बाजूला सारलं. पदर नीट केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पाठ ताठ करून बसली.

"आता पूस," ती म्हणाली.

आत तिची सून भांडी घासत होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मी सरकून तिच्या समोर बसले. शहात्तर वर्षांची माझी बहीण माझ्या तोंडाकडं पाहत वाट बघत होती.

"ताई," मी म्हटलं, "तुले जायचं हाये का?"

"नाई."

मग पुन्हा, मोठ्यानं, रस्त्याकडं तोंड करून, "नाई जायचं मले." आतली भांडी थांबली. तिचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता.

मी तिचा हात हातात घेतला.

"बरं माय," मी म्हटलं. "नोको जाऊ मंग."